अंगठ्यांची वही

माझ्या नवऱ्याला भर सभेत पाच फटके पडले ते त्याच्या सख्ख्या बहिणीमुळे. मोजून पाच. सहावा मारायला माझी जाऊ हात उगारून तयार होती, तिचाही जुना राग होता. पण नणंदेनं, ओर्फेलिंदानं, वहीतून मान वर केली आणि म्हणाली, "पाच ठरलेत. ठेव तो चाबूक खाली." जाऊबाईनं मुकाट्यानं ठेवला. आब्सालोन उघड्या पाठीनं चिखलात गुडघे टेकून रडत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. माझा डावा डोळा तेव्हा आठवडाभर उघडला नव्हता.

मग तिनं वहीत लिहिलेलं मोठ्यांदा वाचून दाखवलं. 'आब्सालोन चुकिरुना, वय एकतीस, यानं बायको क्लोदोमिरा हिला सरपणाच्या लाकडानं तोंडावर मारलं. सभेनं पाच फटके ठरवले. मारणाऱ्यांची नावं खाली आहेत. पुन्हा हात उचलणार नाही असं तो कबूल करतो.' वाचून झाल्यावर शाईची डबी भावापुढे सरकवली.

"दोन्या ओर्फा, भाऊ आहे हो तुमचा," मागून कुणीतरी म्हणालं. तिला सगळे मानानं दोन्या म्हणायचे.

"भाऊ आहे म्हणूनच पाच. परका असता तर तीन म्हटले असते."

आब्सालोननं अंगठा उमटवला. पुढच्या बारा वर्षांत त्यानं माझ्यावर हात टाकला नाही. शिव्या द्यायचा, पण त्या मीही द्यायचे.

अशी माझी नणंद. आमचं लांचेपाता म्हणजे काहामार्काच्या डोंगरातली साठ घरं. पोलीस चौकी खाली शहरात, चालत पाच तास. गुरं चोरीला गेली म्हणून तिथं जाऊन रडलं तर आतला साहेब आधी तुमच्या हाताकडे बघतो, कोंबडी आणलीय का ते. म्हणून गावच मिळून राखण करतं, तिला आम्ही रोंदा म्हणतो. बाया, पुरुष, सगळे पाळीपाळीनं. चोर सापडला की रविवारी सभा, सभेपुढे कबुली, मग चाबूक, मग वहीत नोंद आणि हजर असलेल्या प्रत्येकाचा अंगठा. ओर्फेलिंदा सत्तावीस वर्षं त्या वहीची चिटणीस होती.

दाराएवढी रुंद बाई. गवती टोपीच्या पट्टीत पेन खोचलेलं, हातात लोकरीची टकळी. चालता चालता सूत काढायची, भांडता भांडताही काढायची. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी किनाऱ्याकडे उसाच्या मळ्यावर गेला तो गेलाच. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिकडे बरा असेल. इथं असता तर त्याचंही नाव वहीत चढलं असतं." आणि स्वतःच खदखदून हसायची.

वहीचं वेड तिला बापामुळे लागलं. तिच्या बापानं एका जमीनदाराच्या कागदावर न वाचता अंगठा दिला आणि नदीकाठचं कुरण गेलं. म्हातारा मरेपर्यंत तो अंगठा दुसऱ्या हातानं चोळायचा. ओर्फानं चौदाव्या वर्षी देवळातल्या मदतनीस बाईकडे जाऊन अक्षरं शिकून घेतली, तिच्या घरची लाकडं फोडून. तेव्हापासून तिचे दोन नियम. वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. आणि नाव सांगितल्याशिवाय कुणाच्या हातात चाबूक द्यायचा नाही. 'आधी नाव, मग फटका.' आम्ही तिची नक्कल करून हसायचो.

हसू ज्या दिवशी बंद झालं तो दिवस सांगते. तीन बैल चोरणारा एक माणूस आम्ही पकडला. त्यातला एक बैल त्यानं कापूनही खाल्ला होता. त्याला निलगिरीच्या झाडाला बांधला. कानातून रक्त, तोंडातले पुढचे दात गेलेले, आणि तरी लोकांचं समाधान होईना. कुणीतरी रॉकेलचा डबा आणला. "जाळा मेल्याला!" मीही ओरडले. मला ओरडताना भारी जोर येतो. डबा त्याच्या डोक्यावर अर्धा ओतलासुद्धा. तो इतका घाबरला की त्याला पँटमध्येच झालं. तेवढ्यात ओर्फा आली. धापा टाकत, टकळी हातात. बादली उलटी करून तिच्यावर बसली, वही मांडीवर उघडली, टोपीतून पेन काढलं.

"काडी कोण लावणार?" तिनं विचारलं. "पुढे या. नाव सांगा. लिहिते."

कुणी हललं नाही.

"अगं बाई, मघाशी तर सगळं गाव तयार होतं. क्लो, तू? तुझं लिहू का?"

मी मागे सरले. माझ्या शेजारचेही सरले. ज्यानं डबा आणला होता त्यानं तो हळूच पायानं ढकलून दिला. चोराला बारा फटके पडले, बारा माणसांची नावं लिहिली गेली, आणि तो पुढचे पंधरा दिवस एका गावातून दुसऱ्या गावात आमच्याबरोबर राखण करत फिरला. तो अजून जिवंत आहे. त्याला चार पोरं आहेत.

तर त्या वहीत हे असलं सगळं होतं. शेतांच्या हद्दी, कुणी कुणाला फसवलं, कुणी कबूल केलं, माझ्या नवऱ्याचा अंगठा. वरच्या कोर्टात दोनदा ती वही नेली आणि दोनदा न्यायाधीशानं मान डोलावली. आमचा कागदावर विश्वास बसला तो तिथं.

मग रेडिओवर यायला लागलं, की राजधानीत दहशतवादाविरुद्ध नवा कायदा आणायचं चाललंय. आम्हाला वाटलं, असेल बुवा, आपला काय संबंध. एका रविवारी शहरातून वकीलबाई आली. ओयार्से तिचं आडनाव, पातळ अंगाची, बोलताना सारखा चष्मा वर ढकलणारी. तिनं मसुदा सोबत आणला होता. सभेसमोर तिनं तो सोप्या भाषेत सांगितला. रस्ता अडवला, तर दहशतवाद. माणूस धरून ठेवला, मग तो चोर का असेना, तर दहशतवाद. ज्या सभेत असं ठरलं, त्या सभेला हजर असलेला प्रत्येक जण सारखाच गुन्हेगार. पंधरा दिवस कोठडी, वकील नाही. आणि साक्षीदाराचं नाव कुणाला सांगायचं नाही, त्याला फक्त नंबर.

"मग चोराला काय, कोंबडीचं कालवण घालायचं?" एरमोजेनेस म्हणाला. हा आमचा दूधवाला. रोज फटफटीवर कॅन बांधून घरोघरचं दूध खाली शहरात न्यायचा. माझ्या लेकीला, लुस्मिलाला, बाप्तिस्म्याला त्यानंच हातात धरलं होतं, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणायचा आणि मी त्याला कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं. थट्टेखोर माणूस, सगळे हसले.

वकीलबाई हसली नाही. "दोन्या ओर्फा," ती म्हणाली, "माझं ऐकाल? ती वही जाळा. आजच. हा कायदा झाला तर त्यांना शोधायचं काही कामच राहणार नाही. नावं आहेत, तारखा आहेत, अंगठे आहेत. तुम्हीच तुमचं आरोपपत्र लिहून ठेवलंय."

केवढा गलका झाला! सगळ्यात जास्त मी ओरडले. "जाळा म्हणे! माझ्या नवऱ्यानं दिलेला शब्द त्यात आहे. जाळलीत आणि उद्या त्यानं परत लाकूड उचललं, तर मी कुणाच्या दारात जाऊ? तुमच्या?" आब्सालोन शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "नको जाळू, ओर्फा. मलाही ती वही बरी पडते." त्यावर पुन्हा हशा. ओर्फाची मात्र टकळी थांबली होती. शेवटी म्हणाली, "मतं घ्या." जाळू नये असं ठरलं. पुढं ठरलं, की या कायद्याच्या विरोधात गुरुवारी खालचा पूल अडवायचा, सगळ्या गावांनी मिळून.

आणि मग आम्ही काय केलं ठाऊक आहे? ते सगळं वहीत लिहिलं. पूल अडवायचा ठराव, वार, वेळ, कुणी काय म्हणालं ते. ओर्फानं नेहमीसारखं मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि एकशे त्रेचाळीस माणसांनी रांगेत उभं राहून अंगठे दिले. वकीलबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण अंगठा न देता सभेतून उठायचं म्हणजे आमच्याकडे पळपुटेपणा. तिसरा अंगठा माझा होता.

गुरुवारी पुलावर आम्ही हजारभर असू. दगड लावले, लाकडं आडवी टाकली, बायांनी तिथंच चुली मांडून मका उकडायला घातला. दुपारी बाराच्या सुमाराला पोलिसांच्या गाड्या आल्या. आधी अश्रुधूर. मग आमच्या पोरांनी गोफणी काढल्या. आमच्या गोफणीचा दगड बैलाचं शिंग मोडतो. एका पोलिसाचा जबडा फुटलेला मी डोळ्यांनी पाहिला, तो कुणी फोडला हेही पाहिलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. मग गोळ्या. वर हवेत नाही, सरळ. माझ्यापुढची चूल उडाली, उकळतं पाणी माझ्या पायांवर. आब्सालोन माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला गेला आणि बोललाच नाही. छातीत लागली होती. ज्याच्या पाठीवरचे फटके मी मजेत मोजले होते, त्याच्या छातीवर मी दोन्ही हात दाबून धरले, आणि रक्त बोटांमधून येतच राहिलं, येतच राहिलं. गरम होतं. तो मेला तेव्हा मी त्याला शिव्याच देत होते. "ऊठ ना रे, ऊठ, मुडद्या," असं म्हणत होते.

त्याच्याशिवाय आणखी एक गेला, पलीकडच्या गावचा. ओर्फा भावाच्या डोक्याशी बसली. रडली नाही. लोकांनी वेचून आणलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या तिनं टोपीत घेतल्या, मोजल्या, आणि वही उघडली. 'सदतीस पुंगळ्या. मयत आब्सालोन चुकिरुना, वय त्रेचाळीस, हातात काही नव्हतं.' त्याच्या रक्तानं माखलेला तिचा अंगठा त्या पानाच्या कडेला लागला तो तसाच राहिला. "आता तर ही वही मुळीच जाळायची नाही," ती मला म्हणाली. "आता हिच्यात ते पोलीस पण आहेत."

दफन झाल्यावर दोन दिवसांनी ती सकाळीच माझ्या स्वयंपाकघरात आली. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. चुलीमागे आमचे कुय असतात, खायला पाळलेले सशासारखे छोटे जीव, गवतात चुईं चुईं करत फिरणारे. त्यांना बाजूला सारून आम्ही दोघींनी कोपरा खणला, वही पुरली, वर माती, वर गवत. हात धुवायच्या आत दारात फटफटी थांबली. एरमोजेनेस दूध घ्यायला आला होता. आमचे मातीचे हात बघून म्हणाला, "कोमाद्रे, घरात बटाटे लावताय का काय?" मी म्हटलं, "तुझं थडगं खणतेय. कॅन आण इकडे." तो हसत गेला.

पाचव्या दिवशी पोलीस आले. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. ओर्फाला दोन्ही वेण्यांना धरून घराबाहेर ओढलं. एकानं पोटात बूट घातला, एकानं टोपी पायाखाली घेतली. "वही कुठाय, म्हातारे?" ती म्हणाली, "आधी तुझं नाव सांग." त्यानं बंदुकीचा दस्ता तोंडावर मारला. मी धावले तर मला भिंतीवर आपटलं. गाडीत टाकून तिला नेली. वकीलबाई चौकीच्या दारात तीन दिवस उभी होती, तिला आत सोडलं नाही. तिनं विचारलं, कुठल्या कायद्यानं? साहेब म्हणाला, नव्या. तो कायदा अजून झाला नव्हता, अजून राजधानीत त्याच्यावर भाषणंच चालली होती. यांनी आधीच वापरायला काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी थेट माझ्या दाराशी आली. कुणाला विचारलं नाही, कुठं शोधलं नाही. सरळ चुलीमागे गेले. एक कुय बुटाखाली चिरडला, बाकीचे किंचाळत पळाले, आणि दोन फावड्यांत वही वर आली. मी अंगावर धावून गेले तर एकानं माझा हात पिरगाळला आणि म्हणाला, "तुझाही अंगठा आहे आत. दम धर, तुझाही नंबर येईल." दुसऱ्या दिवसापासून उचलायला सुरुवात झाली. सभेचे पंच होते ते अकरा जण आधी. बाकीच्यांवर समन्स. माझ्यावरही खटला आहे, दर पंधरवड्याला कोर्टात जाऊन हजेरी लावते.

आणि कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं, 'वहीची जागा गुप्त साक्षीदार क्रमांक सात याने दाखवली.'

सात! गावात दुसरं बोलणंच राहिलं नाही. सात कोण? नवरा बायकोकडे बघायचा, बायको शेजारणीकडे. पाणवठ्यावर मी गेले की बाया गप्प व्हायच्या. का नाही होणार? वही माझ्या घरात निघाली होती. अकरा घरचे कर्ते आत होते आणि मी बाहेर होते. एकदा माझ्या दारावर कुणीतरी कोळशानं मोठा सात काढून ठेवला. लुस्मिलानं तो घासून काढला, मला न सांगता. मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय सात? माझा माणूस गेलाय!

मग मला ते मातीचे हात आठवले. बटाटे लावताय का. रोज शहरात कोण जातं? एरमोजेनेस. चौकीत दूध कोण घालतं? एरमोजेनेस. मी दोन रात्री जागून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, सभेत उभी राहिले. वही नव्हती, चिटणीस नव्हती, उलटी बादली नव्हती. मी बोट दाखवलं. "हा बघा. हाच तो. यानं पाहिलं होतं."

तो आधी हसला. थट्टा वाटली त्याला. "कोमाद्रे, दूध नासलं म्हणून माझ्यावर राग होय?" मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. तोंडचं पाणी पळालं त्याच्या. "मी कुणाला काही सांगितलं नाही. देवाशपथ. लुस्मिलाशपथ."

माझ्या लेकीचं नाव घेतलं म्हणून मी पिसाळले. चाबूक खुंटीवर होता, तो मी घेतला. कुणी मला नाव विचारलं नाही. पहिला फटका त्याच्या तोंडावर बसला, डोळ्यावरून गालापर्यंत कातडी उघडली. तो "कोमाद्रे!" म्हणून ओरडला. दुसरा मारला, तिसरा मारला. मग माझ्या हातातून कुणीतरी चाबूक घेतला, मग काठ्या आल्या, मग दगड. कुणी मोजत नव्हतं. तो सरपटत कुंपणाकडे जात होता आणि एकेक जण त्याच्या पाठीवर पाय देऊन त्याला थांबवत होता. जे जन्मात कुणाशी मोठ्यानं बोलले नाहीत तेसुद्धा मारत होते. त्याची बायको झेनाइदा मधे पडली, तिला केस धरून बाजूला केलं. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. थांबलं तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, आणि एक हात उलटा वळून अंगाखाली गेला होता. त्याला त्याच्याच फटफटीबरोबर दरीत ढकललं. पोलिसांना सांगितलं, वळणावर गेला बिचारा. त्यांनी खांदे उडवले. त्यांनाही दुसरं काही विचारायचं नव्हतं.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आता लाज वाटते, पण तेव्हा मी जेवले आणि झोपले. गावानं मला पुन्हा आपली म्हटलं. पाणवठ्यावर बाया मला आधी पाणी भरू द्यायला लागल्या.

ओर्फेलिंदाला किनाऱ्याकडच्या तुरुंगात ठेवलं होतं. भेटीची परवानगी मिळाली तेव्हा सात महिने उलटून गेले होते. मी चीज नेलं, उकडलेला मका नेला, एक कुय भाजून नेला. जाळीच्या पलीकडे ती येऊन बसली आणि मी तिला ओळखलंच नाही. दाराएवढी बाई निम्मी झाली होती. वेण्या कापलेल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं वेडीवाकडी जुळली होती.

"वन्सं, हात!"

"टेबलाच्या खणात घालून खण बंद करायचे," ती म्हणाली. "असू दे. डाव्या हातानं लिहायला शिकतेय. फार घाण अक्षर येतं." आणि जुनं हसली. "लुस्मिला कशी आहे?"

"शाळेत जाते. उंच झाली."

"कुणी काही केलं नाही ना तिला? पोलिसांनी?"

"नाही. तिला कोण काय करणार?"

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, हिला काहीतरी आनंदाचं सांगावं. मी जाळीजवळ तोंड नेलं. "वन्सं, काळजी करू नका. त्या सात नंबरचा आम्ही बंदोबस्त केला."

"कुणाचा?"

"एरमोजेनेसचा. त्यानंच सांगितलं होतं. तो आता नाही."

तिनं विचारलं, "किती फटके ठरले होते?"

"ठरले नव्हते."

"मारलं कुणी?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी, क्लो? पहिला कुणी मारला?"

मी मक्याची पिशवी उघडायला लागले. तिला कळलं. तिला माझं सगळंच कळतं.

"सात नंबर कुणी नाहीच," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, मला कान जाळीला लावावा लागला. "सात नंबर मी. दोन दिवस बोटं मोडली, तेव्हा मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तुझी भाची आहे ना, चौदा वर्षांची, तिला इथं आणतो, तुझ्यासमोर. शाळा सुटायची वेळसुद्धा त्यांना ठाऊक होती. मी सांगितलं. लगेच सांगितलं. त्यांना कागदात बोटांचं लिहिता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी सात लिहिलं."

मी म्हटलं, "आम्हाला निरोप का नाही दिलात?"

"कुणाबरोबर? कोण येऊ देत होतं?" आणि मग ती रडली. भावाच्या मढ्यापाशी न रडलेली बाई जाळीला कपाळ लावून ओक्साबोक्शी रडली. "मला वाटलं, वही गेली म्हणजे नुसती वही गेली. अगं, चांगला माणूस होता गं तो. तुझ्या पोरीला त्यानं हातात धरलं होतं." पहारेकरणीनं वेळ संपली म्हणून तिला उठवलं. जाताना ती मागे वळली नाही.

परतीच्या गाडीत रेडिओ लागला होता. कायदा मंजूर झाल्याची बातमी सांगत होते, मग गाणी लागली.

गावात उतरले आणि आधी झेनाइदाकडे गेले. घरी जाऊन अंघोळ केली असती तर पुन्हा बाहेर पडायची हिंमत झाली नसती. तिचं दूध आता कुणी घेत नव्हतं. खबऱ्याची बायको म्हणून तिच्या पोरांशी कुणी खेळत नव्हतं. ती अंगणात रिकामे कॅन उन्हात पालथे घालत होती. माझी सावली पडली तरी तिनं मान वर केली नाही.

मी उभ्या उभ्याच बोलले. "झेनाइदा, तुझा माणूस खबऱ्या नव्हता. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि पहिला फटका माझा होता."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन्ही."

"मग मला काही बोलत का नाहीस? शिव्या दे. थोबाडीत मार."

"मी मारून काय होतंय?" तिनं कॅन खाली ठेवला. "हाच तो, असं तू कुठं म्हणालीस? सभेत ना? तर सभेत उभी राहा आणि तिथं सांग. माझ्या अंगणात नको."

सभेत सांगू का, असं वकीलबाईला मी विचारलं. ती म्हणाली, नव्या कायद्यात याला वीस वर्षांची कैद आहे, आणि तू तोंड उघडलंस की त्या दिवशी सभेत असलेलं अख्खं गाव आत जाईल, लुस्मिलाला बघायला बाहेर कुणी उरणार नाही. खरं आहे तिचं. एरवी मला बोलताना कुणी थांबवू शकत नाही.

त्यानंतर चार रविवार झाले. चारही सभांना मी गेले, पुढच्या रांगेत बसले, उभी राहिले नाही. झेनाइदा मागे कुंपणाशी येऊन उभी राहते, पोराला कडेवर घेऊन. कुणाशी बोलत नाही, कुणी तिच्याशी बोलत नाही. सभा संपेपर्यंत ती माझ्या पाठीकडे बघत थांबते, आणि मग घरी जाते.